गाडी तापते ती पाण्याअभावीच, असे नाही

वाचक विचारतात : जुन्या पिकअपचे इंजिन

फाल्गुन सरत आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. थंडीत गाडी उचलत नाही, बॅटरी उतरते, अशी गाऱ्हाणी मागे पडतात आणि इंजिन तापल्याची पत्रे येऊ लागतात. यंदा आलेल्या पत्रांपैकी बहुतेक दहा-पंधरा वर्षे चाललेल्या डिझेल पिकअपविषयी आहेत आणि त्या सर्वांत एक वाक्य समान आहे : ‘पाणी घातले की तेवढ्यापुरते बरे वाटते.’ खालील उत्तरे वाचताना हे वाक्य मनात असू द्यावे, कारण बहुतेक बिघाड त्याच्याच आड लपलेला असतो.

प्रश्न : माझी २००६ सालची डिझेल पिकअप आहे. हंगामात पावसहून आंब्याच्या पेट्या भरून कोल्हापूरला जाताना साखरपा सोडून आंबा घाट चढू लागलो की अर्ध्या वाटेत काटा लाल पट्ट्याजवळ जातो. सपाटीवर काहीही त्रास नाही. गेल्या वर्षी रेडिएटर नवा बसवला, तरी दर फेरीला एक-दोन बाटल्या पाणी घालावेच लागते. इंजिन खोलावे लागेल का? — आंबा बागायतदार, पावस, जि. रत्नागिरी

उत्तर : इंजिन खोलण्याची घाई मुळीच करू नये. आपल्या पत्रात दोन वेगळ्या तक्रारी आहेत, पण आपण त्यांना एकच समजत आहात. गाडी तापते ही एक आणि पाणी कमी होते ही दुसरी. दुसरीचा छडा आधी लावावा, कारण तो सोपा आहे आणि अनेकदा पहिलीचे उत्तरही तिथेच सापडते.

गाडीची शीतन-यंत्रणा ही बंद यंत्रणा असते. तिच्यात भरलेले पाणी किंवा कूलंट (रसायने मिसळलेला शीतन-द्रव) इंजिनमध्ये तापते, रेडिएटरमध्ये निवते आणि पुन्हा इंजिनमध्ये जाते. वाटेत ते खर्च होण्याचे काही कारण नाही. म्हणून सुस्थितीतील गाडीला महिनोन् महिने पाणी घालावे लागत नाही, आणि लागत असेल तर ते कुठे तरी जात आहे एवढे निश्चित. ते जाण्याचे मार्ग मोजकेच आहेत : होस पाइपचे सांधे, वॉटर पंपाखालचे बारीक छिद्र, रेडिएटरच्या टाकीचा जोड, हेड गॅसकेट (इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांच्यामधले पॅकिंग) आणि रेडिएटरचे झाकण. पहिल्या तीन ठिकाणची गळती वाळल्यावर पांढरट, हिरवट किंवा गंजाच्या रंगाचा डाग मागे ठेवते. सकाळी गाडी थंड असताना बॅटरीच्या उजेडात तो शोधावा; गरम इंजिनवर पडलेला थेंब जागच्या जागी वाळतो आणि जमिनीपर्यंत पोचत नाही, म्हणून ‘खाली तर थेंब नाही’ या पुराव्यावर विसंबू नये.

आपल्या बाबतीत माझा पहिला संशय झाकणावर आहे. रेडिएटर नवा घेताना जुनेच झाकण बसवण्याची पद्धत फार आढळते. हे झाकण म्हणजे नुसते बूच नसून दाब राखणारी झडप असते. त्यावर ०·९, १·१ असा (बारमध्ये) किंवा १३, १५ असा (दर चौरस इंचाला पौंडांत) दाबाचा आकडा कोरलेला असतो. आत तेवढा दाब साचेपर्यंत ते बंद राहते, आणि दाब वाढला की पाण्याचा उत्कलनबिंदूही वाढतो. समुद्रसपाटीला उघड्या भांड्यात १०० अंशांना उकळणारे पाणी ०·९ च्या झाकणाखाली सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाचे रबर चिरले किंवा स्प्रिंग सैल झाली की ही अठरा अंशांची ठेव बुडते. घाटमाथ्यावर हवेचा दाब मुळात कमी असल्याने उघडे पाणी ९८ अंशांनाच उकळू लागते, म्हणजे चढाच्या शेवटी, इंजिनला जेव्हा सर्वांत जास्त सवलत हवी असते तेव्हाच ती सर्वांत कमी मिळते. पाणी उकळून रेडिएटरच्या बाजूला जोडलेल्या बाटलीत आणि तिथून रस्त्यावर जाते, इंजिन थंड झाल्यावर पातळी कमी दिसते, आणि आपण पुन्हा बाटली ओततो. याच झाकणात दुसरी, उलट दिशेची छोटी झडप असते. गाडी निवताना ती बाजूच्या बाटलीतले पाणी परत आत खेचते. बाटली भरलेली आणि रेडिएटर मात्र रिकामा असे दिसत असेल तर ती झडप किंवा वरचे रबर गेले, असे बहुतेक वेळा समजावे. नवे झाकण त्याच आकड्याचे घ्यावे. मोठ्या आकड्याचे घेतल्याने गाडी कमी तापेल हा गैरसमज आहे. जुने होस पाइप मात्र त्या दाबाने फाटतील.

दुसरी शंका नव्या रेडिएटरविषयीच घ्यावी लागते. मूळ रेडिएटरचा कोअर (नळ्यांचा गाभा) तीन ओळींचा असताना बदली म्हणून दोन ओळींचा बसवलेला मी अनेकदा पाहिला आहे. बाहेरून माप तेच, नळ्या मात्र कमी. असा रेडिएटर सपाटीवर पुरा पडतो आणि चढावर कमी पडतो, आणि आपली तक्रार नेमकी हीच आहे. झाकण काढून आत पाहिल्यास नळ्यांच्या ओळी मोजता येतात. जुना रेडिएटर भंगारात दिला नसेल तर तो शेजारी ठेवून पाहावा.

आता चढाचा हिशेब. डिझेल जळून निर्माण होणाऱ्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश कामी येते, एक तृतीयांश धुराबरोबर जाते आणि उरलेली एक तृतीयांश रेडिएटरला बाहेर टाकावी लागते. कोकणातून देशावर चढताना गाडी सुमारे सहाशे मीटर उचलली जाते असे धरले, तर एक टन जास्तीचे वजन तेवढे वर नेण्यासाठी साधारण अर्धा लिटर डिझेल जादा जळते. सपाटीवर तेवढे वजन फारसे जाणवत नाही, कारण तिथे ते उचलायचे नसते. घाटात मात्र हे सारे डिझेल अर्ध्या-पाऊण तासात, आणि तेही गाडी संथ चालत असताना जळते. वेगामुळे रेडिएटरवर येणारा वारा तेव्हा जवळजवळ नसतो. सगळी भिस्त पंख्यावर असते. त्यामुळे गाडीच्या कागदांवर लिहिलेल्या भारापेक्षा वीस-पंचवीस पेट्या जास्त भरल्या तर काय बिघडते, या प्रश्नाचे उत्तर आपल्याला काट्यावर दिसत आहे.

चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पॅडल तळाला टेकवून गाडी रेटण्यापेक्षा वेळेवर दुसरा टाकावा. वॉटर पंप आणि पट्ट्यावरचा पंखा दोन्ही इंजिनच्या फेऱ्यांवर चालतात. इंजिन गुरगुरत, फेऱ्या मोडत चढू लागले की उष्णता वाढते आणि ती वाहून नेणारे पाणी व वारा दोन्ही मंदावतात. ‘लहान गिअरमध्ये गाडी जास्त तापते’ असे चालकमंडळी सांगतात. पहिल्या गिअरमध्ये इंजिन किंचाळत ठेवले तर ते खरे आहे, दुसऱ्यात मध्यम फेऱ्यांवर नाही. शक्य असेल तर घाट उजाडण्यापूर्वी चढावा. रेडिएटरमधील पाणी ९५ अंशांवर असेल, तर ४० अंशांच्या हवेपेक्षा २८ अंशांच्या हवेत तोच रेडिएटर सुमारे वीस टक्के जास्त उष्णता बाहेर टाकतो. पहाटेचा हा फायदा कोणत्याही सुट्या भागापेक्षा स्वस्त आहे, आणि आंब्यालाही तो मानवतो.

एक विचारायचे राहिले. गाडी चढावर काळा धूर सोडते का? ताकद मिळावी म्हणून इंजिनला डिझेल पुरवणाऱ्या पंपाचे माप वाढवून घेतलेल्या गाड्या घाटात हमखास तापतात. तसे केले असेल तर पंप मूळ मापावर आणून घ्यावा आणि एअर फिल्टर पाहावा.

प्रश्न : आमच्याकडे बोअरचे पाणी आहे आणि गाडीला वर्षानुवर्षे तेच घालतो. आता मेकॅनिक म्हणतो की आत क्षार धरला आहे. कूलंट महाग पडते. पाणी उकळून घातले तर चालेल का? — शेतकरी, औसा, जि. लातूर

उत्तर : आपला मेकॅनिक बरोबर सांगत आहे. चहाच्या पातेल्यात किंवा पाणी तापवण्याच्या हीटरवर जो पांढरा थर बसतो, तोच इंजिनच्या आतल्या पाणवाटांत आणि रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. फरक इतकाच की हीटर काढून घासता येतो. हा थर उष्णता अडवतो. त्यामुळे काटा सामान्य दाखवत असतानाही सिलिंडरभोवतीचा धातू जास्त तापलेला असू शकतो, आणि नळ्या अरुंद झाल्याने पाणी फिरतही कमी असते.

पाणी उकळल्याने त्यातील क्षारांचा एक भागच खाली बसतो. बाकीचे, विशेषतः क्लोराइड आणि सल्फेट, तसेच राहतात, आणि क्लोराइड गंज वाढवते. म्हणून बोअरचे पाणी उकळून घालणे हा उपाय नव्हे. बॅटरीसाठी मिळते ते डिस्टिल्ड पाणी घ्यावे. स्वच्छ पत्र्यावरून पहिल्या काही सरींनंतर धरलेले पावसाचे पाणीही बोअरच्या पाण्यापेक्षा कितीतरी चांगले. परंतु नुसते शुद्ध पाणीही पुरेसे नाही. आपल्याकडे पाणी गोठत नाही म्हणून कूलंट अनावश्यक आहे, असा समज मराठवाड्यातच नव्हे तर सगळीकडे आहे. पाणी गोठू न देणे हे आपल्या दृष्टीने कूलंटचे सर्वांत बिनमहत्त्वाचे काम होय. त्यातील रसायने लोखंड, अ‍ॅल्युमिनियम, तांबे आणि सांध्यांचा डाग (सोल्डर) यांना गंजू देत नाहीत, वॉटर पंपाच्या सीलचे आयुष्य वाढवतात आणि उत्कलनबिंदू आणखी काही अंशांनी वर नेतात. डिझेल इंजिनमध्ये आणखी एक गोष्ट घडते. प्रत्येक स्फोटाबरोबर लायनर (सिलिंडरचे आतले नळकांडे) सूक्ष्म थरथरतो, त्याच्या पाण्याकडील अंगावर बारीक बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि धातूला टोचे पाडतात. नुसत्या पाण्यावर चाललेल्या जुन्या इंजिनचा लायनर बाहेर काढला की तो वाळवी लागलेल्या लाकडासारखा दिसतो. कूलंटमधील रसायनांचा पापुद्रा त्याला आवर घालतो.

हे खरे की उष्णता वाहून नेण्यात शुद्ध पाणी कूलंटच्या मिश्रणापेक्षा सरस आहे, म्हणून ‘जास्त कूलंट, जास्त थंडावा’ असे गणित मांडू नये. संहत कूलंट असेल तर डब्यावर दिलेल्या प्रमाणात, निम्म्यापेक्षा जास्त नाही, डिस्टिल्ड पाण्यात मिसळावे. तयार मिश्रण घेतले तर त्यात पाणी घालू नये. रंगावरून जात ओळखू नये. हिरवे, लाल, नारिंगी हे उत्पादकांनी दिलेले रंग आहेत, ठरलेली प्रमाणित खूण नव्हे. दोन जातींची कूलंटे एकमेकांत मिसळली की त्यांची रसायने निकामी होतात आणि कधी कधी आत चिखलासारखा साका तयार होतो.

भरण्यापूर्वी आतला क्षार काढावा लागेल. पितळी-तांब्याचा जुना रेडिएटर असेल तर रेडिएटरवाला टाकी उघडून नळ्यांत सळई फिरवून देतो. अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या आणि प्लॅस्टिकची टाकी असलेल्या रेडिएटरला ते करता येत नाही, त्याला बाजारात मिळणारे फ्लश वापरून, सांगितलेल्या वेळेपेक्षा जास्त आत न ठेवता, दोन-तीनदा धुवावे. कॉस्टिक सोडा टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये, कारण तो अ‍ॅल्युमिनियम खातो. आणखी एक पूर्वसूचना : वर्षानुवर्षांचा थर निघाला की त्याने बुजलेली भोके उघडी पडतात आणि धुतल्यानंतर गाडी गळू लागते. तो धुण्याचा दोष नव्हे.

प्रश्न : गाडी तापत होती म्हणून मेकॅनिकने थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह कायमचा काढून टाकला. ‘आपल्याकडच्या हवेत त्याची गरज नाही’ असे तो म्हणाला. आता हिवाळ्यात काटा वर चढतच नाही, अ‍ॅव्हरेज कमी झाले आणि तरीही उन्हाळ्यात माळशेज उतरून कल्याणच्या गर्दीत शिरलो की गाडी तापते. हे कसे? — भाजीपाला वाहतूकदार, जुन्नर, जि. पुणे

उत्तर : गॅरेजमध्ये फार रुळलेली आणि फार नुकसान करणारी ही प्रथा आहे. थर्मोस्टॅट थंडीसाठी असतो, हा समज तिच्या मुळाशी आहे. इंजिनला जसे अति तापणे वाईट तसेच थंड राहणेही वाईट. ठरलेल्या तापमानापर्यंत न पोचलेल्या इंजिनमध्ये डिझेल पुरते जळत नाही, तेल घट्ट राहते आणि सिलिंडर व रिंगा लवकर झिजतात. आपले कमी झालेले अ‍ॅव्हरेज हा त्याचाच परिणाम आहे.

उन्हाळ्यातील तापण्याचे कारण मात्र अधिक खोल आहे. थर्मोस्टॅटच्या आत मेणाची एक कुपी असते. मेण ठरावीक तापमानाला, बहुतेक गाड्यांत ८२ अंशांच्या सुमारास, वितळून फुगू लागते आणि झडप उघडते. अनेक इंजिनांत हीच झडप उघडताना दुसऱ्या बाजूने बायपासची वाट बंद करते. बायपास म्हणजे इंजिन थंड असताना पाणी रेडिएटरमध्ये न जाता आतल्या आत फिरण्याचा आडमार्ग. थर्मोस्टॅट काढला की हा आडमार्ग कायमचा उघडा राहतो. गरम पाण्यातील एक हिस्सा रेडिएटरला वळसा घालून, न निवताच, पुन्हा इंजिनमध्ये शिरतो. कालव्याचे दार काढून टाकल्यावर पाणी पाटात जाण्याऐवजी वाट फुटेल तिकडे जावे, तसेच हे. म्हणून थंडीत जास्त थंड आणि उन्हात जास्त गरम, ही आपल्याला विसंगत वाटणारी दोन्ही लक्षणे एकाच चुकीतून आली आहेत.

थर्मोस्टॅट नवा, मूळ तापमानाचाच बसवावा. बसवण्यापूर्वी घरी तपासणी सहज होते : दोऱ्याला बांधून पातेल्यातील पाण्यात, तळाला न टेकता, सोडावा, शेजारी थर्मामीटर धरावे आणि पाणी तापवावे. त्यावर कोरलेल्या आकड्याजवळ तो उघडू लागला आणि पाणी उकळण्याच्या बेतात येईपर्यंत पुरता उघडला, तर ठीक. बसवताना दिशा उलटी होणार नाही आणि त्यावरचे बारीक हवेचे छिद्र वरच्या बाजूला राहील, याकडे लक्ष द्यावे. नंतर पाणी भरताना गाडीचे तोंड थोडे चढावर ठेवून, इंजिन चालू करून, बुडबुडे येणे थांबेपर्यंत हळूहळू भरावे. आत अडकलेली हवा ही दुरुस्तीनंतर गाडी तापण्याचे नेहमीचे कारण असते, आणि त्याचे खापर बिचाऱ्या नव्या थर्मोस्टॅटवर फुटते.

गाडी मुळात का तापत होती, हा प्रश्न मात्र अजून अनुत्तरित आहे; गर्दीत तापते म्हटल्यावर पुढचे उत्तर वाचावे.

प्रश्न : हायवेवर गाडी थंड, पण पनवेलच्या बाजारात किंवा टोलच्या रांगेत उभी राहिली की काटा चढतो. पुन्हा पळवली की उतरतो. — पनवेल, जि. रायगड

उत्तर : कधी तापते हे आपण नेमके लिहिलेत, त्यामुळे निदान जवळजवळ झालेच आहे. धावत्या गाडीला वारा मिळतो आणि उभ्या गाडीला फक्त पंखा. उभी असतानाच तापत असेल तर दोष पंख्याच्या बाजूला आहे. याच्या उलट, उभी असताना ठीक आणि वेगात तापते अशी तक्रार असती तर मी रेडिएटरच्या बुजलेल्या नळ्या किंवा वेगात आत ओढला जाऊन चपटा होणारा खालचा होस पाइप पाहण्यास सांगितले असते.

पट्टा सैल आहे का, ते अंगठ्याने दाबून पाहावे; दोन पुलींच्या मध्ये तो साधारण एक सेंटिमीटर दबावा. पंख्याच्या मधोमध जाड डबीसारखा विस्कस क्लच (तापमानाप्रमाणे पंख्याला जोर देणारा जोड) असेल तर इंजिन थंड व बंद असताना पाते हाताने फिरवावे. त्याने थोडा विरोध केला पाहिजे. गिरकी घेत मोकळे फिरले, किंवा डबीवर तेलकट धूळ चिकटलेली दिसली, तर आतील सिलिकॉन द्रव गळून गेला आहे आणि क्लच बदलावा लागेल. तो घट्ट वेल्ड करून टाकण्याची युक्ती पुष्कळ गॅरेजांत सुचवली जाते. तिने पंखा सतत पूर्ण जोराने फिरतो, डिझेल खातो आणि पंपाच्या बेअरिंगवर भार टाकतो. वाटेत क्लच निकामी झालेल्या गाडीने घरी पोचण्यापुरतीच ती क्षम्य आहे.

आणखी पाहावे ते पंख्याभोवतीचे कव्हर. पट्टा बदलताना अडचण होते म्हणून ते काढले जाते आणि गॅरेजच्या कोपऱ्यात राहून जाते. कव्हराशिवाय पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी आजूबाजूचीच गरम हवा घुसळत बसतो. जाळीसमोर लावलेले नावाचे बोर्ड, जादा दिवे आणि दसऱ्याला घातलेला, दिवाळीपर्यंत न काढलेला झेंडूचा हार हेही हवेच्या वाटेत येतात. लिंबू-मिरचीला माझी हरकत नाही. तिने फारशी हवा अडत नाही. जाळीतील कचरा, किडे आणि चिखल पाण्याने धुताना इंजिनच्या बाजूने पुढच्या बाजूकडे, कमी दाबाने धुवावे. सर्व्हिसिंग सेंटरच्या जोरदार फवाऱ्याने पत्र्याच्या बारीक पट्ट्या आडव्या होतात आणि कचऱ्याऐवजी त्याच वाट अडवतात. एसी असेल तर त्याच्या कंडेन्सरच्या आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत साचलेला केर समोरून दिसत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

प्रश्न : माझा मुलगा पिकअप चालवतो. गाडी तापली की तो लगेच बॉनेट उघडून झाकण काढतो आणि थंड पाणी ओततो. मला भीती वाटते. रस्त्यात नेमके काय करावे ते लिहावे. — एक माता, वाई, जि. सातारा

उत्तर : आपली भीती पूर्णपणे रास्त आहे आणि हे उत्तर चिरंजीवांना अवश्य वाचायला द्यावे. झाकणाखालचे पाणी शंभर अंशांच्या वर तापलेले असूनही केवळ दाबामुळे पाणी म्हणून राहिलेले असते. झाकण उघडताच दाब जातो आणि त्यातील काही भाग क्षणार्धात वाफ होतो. पाण्याची वाफ होताना तिचे आकारमान सुमारे सोळाशे पट होते. ती वाफ आपल्याबरोबर उरलेले उकळते पाणी घेऊन थेट वाकलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर आणि हातांवर येते. अशा भाजण्याला इलाज असतो, पण त्याचे व्रण राहतात.

काटा चढू लागला, पण वाफ किंवा गळती दिसत नसेल, तर एसी बंद करावा आणि सुरक्षित जागी थांबावे. गाडीत हीटर असेल तर तो पूर्ण चालू करून काचा खाली घ्याव्यात. तो लहानसा रेडिएटरच आहे. अशा वेळी इंजिन एकदम बंद न करता दोन-तीन मिनिटे न्यूट्रलमध्ये किंचित वाढीव फेऱ्यांवर चालू ठेवावे, म्हणजे पाणी आणि पंखा फिरत राहून साठलेली उष्णता निघून जाते. काटा उतरला नाही तर बंद करावे. वाफ येत असेल, पाइप फुटला असेल किंवा तेलाचा लाल दिवा लागला असेल तर मात्र क्षणही न घालवता इंजिन बंद करावे. घाटात चाकाला दगड लावावा, आणि निघताना तो आठवणीने रस्त्याच्या कडेला टाकावा. मागे राहिलेले असे दगड रात्री दुचाकीस्वारांना किती महागात पडतात, हे घाटाखालच्या गावांना ठाऊक आहे.

त्यानंतर किमान पाऊण तास झाकणाला हात लावू नये. वरचा होस पाइप हाताने दाबून पाहावा. तो टणक आणि गरम असेपर्यंत आत दाब आहे. तो मऊ लागल्यावर जाड फडक्याची घडी झाकणावर ठेवून, तोंड बाजूला करून, पहिल्या खाचेपर्यंत फिरवावे, फुसफुस पूर्ण थांबू द्यावी आणि मगच काढावे. पाणी थोडे थोडे ओतावे. तापलेल्या इंजिनमध्ये एकदम गार पाणी गेले की हेड तडकते किंवा वाकते, आणि मग दोनशे रुपयांच्या पाइपची दुरुस्ती हजारांत जाते.

काट्याविषयी एक अनुभव सांगतो, कारण त्याची किंमत मी स्वतः मोजली आहे. चिपळूणहून कुंभार्ली घाट चढताना काटा वर गेला आणि मग आपोआप खाली आला. मी निर्धास्त होऊन पुढे गेलो. प्रत्यक्षात खालच्या पाइपची क्लिप निसटून सारे पाणी गेले होते. तापमान मोजणारा सेन्सर पाण्यात बुडलेला असेल तरच खरे सांगतो. पाणी गेल्यावर तो मोकळ्या हवेत लोंबकळतो आणि काटा खाली येतो. गरम लोखंडाचा वास आणि इंजिनचा बदललेला आवाज माझ्या लक्षात येईपर्यंत हेड वाकले होते. चढावर, भार असताना, काटा विनाकारण खाली आला तर तो वर गेल्याइतकाच गंभीर इशारा समजावा.

प्रश्न : हेड गॅसकेट बदलले, दोन महिन्यांत पुन्हा गेले. गॅसकेट नकली असेल का? — वाहनमालक, बार्शी, जि. सोलापूर

उत्तर : असेलही, पण दोष बहुधा गॅसकेटचा नसतो. गाडी एकदा सणसणीत तापली की हेड वाकते, आणि वाकलेल्या हेडखाली कितीही उत्तम गॅसकेट ठेवले तरी ते टिकत नाही. दुरुस्तीच्या वेळी हेडवर सरळ पट्टी ठेवून फट मोजली होती का, गरजेप्रमाणे ते फेस करून (घासून सपाट करून) आणि तडा तपासून घेतले होते का, हे विचारावे. तसेच ब्लॉकची वरची बाजूही पाहावी लागते. बोल्ट मधून कडेकडे, टप्प्याटप्प्याने आणि टॉर्क रेंचनेच (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्यानेच) आवळायला हवेत; ‘माझ्या हाताला अंदाज आहे’ असे म्हणणाऱ्या मेकॅनिकच्या अनुभवाचा आदर राखूनही त्याच्या हाती तो पाना द्यावा.

गॅसकेट पुन्हा गेल्याची खात्री कशी करावी, तर सकाळी थंड इंजिन झाकण उघडे ठेवून सुरू करावे. पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले, किंवा झाकण लावल्यावर पाणी तापण्यापूर्वीच होस पाइप टणक झाला, तर सिलिंडरमधील वायू पाण्यात शिरत आहे. तेलाची डिपस्टिक काढल्यावर तेल ताकासारखे पांढरट दिसले तर गाडी त्याच क्षणी बंद करावी आणि टो करून न्यावी. आणि मुळात पहिल्यांदा गाडी का तापली होती, ते कारण दूर झाले आहे का? पंप, झाकण, रेडिएटर तसेच ठेवून केवळ गॅसकेट बदलले असेल तर तिसरेही जाईल.

प्रश्न : रेडिएटर गळत असल्यास त्यात हळद टाकावी, असे जुने चालक सांगतात. खरे आहे का? — विद्यार्थी, आयटीआय, मिरज, जि. सांगली

उत्तर : खरे आहे. हळदीचे कण पाण्यात फुगून बारीक भोकाशी अडकतात आणि गळती काही काळ मंदावते. रात्री आडरानात अडकलेल्या माणसाने दोन चमचे हळद वापरली तर मी त्याला नावे ठेवणार नाही. परंतु कोणते भोक गळके आणि कोणती नळी उपयोगाची, हे हळदीला कळत नाही. तीच भुकटी रेडिएटरच्या नळ्यांत आणि हीटरच्या कोअरमध्येही साचते. बाजारातील गळतीरोधक पुड्यांची गतही थोडीफार तीच. गाडी गॅरेजमध्ये पोचली की गळती डाग देऊन बुजवून घ्यावी, सारे पाणी काढून यंत्रणा दोनदा धुवावी, आणि मेकॅनिकला आत हळद टाकली आहे हे आवर्जून सांगावे, नाहीतर तो पिवळे पाणी पाहून तासभर भलत्याच बिघाडाच्या मागे लागेल.